पेठेतलं ऑइल उकळत नाही

एप्रिल उजाडला, पारा चाळिशीला टेकला की पुण्याच्या कसबा पेठेतल्या कट्ट्यांवर एक निदान ठरलेलं असतं. फडके हौद चौकातली कोंडी, शिवाजी रस्त्यावरची रांग, तांबट आळीत समोरून घुसलेला टेम्पो. या सगळ्यात अडकून अडकून मोटरसायकलचं इंजिन ऑइल म्हणे ‘उकळतं’, पाण्यासारखं पातळ होतं, जळतं आणि दोन-चार वर्षांत इंजिनाचं काम निघतं. निदानापाठोपाठ औषधंही येतात. ऑइलच्या झाकणाच्या जागी तापमान दाखवणारं झाकण बसवा. मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्यापेक्षा जाड ऑइल भरा. हौस आणि पैसा दोन्ही असेल तर नाना पेठेच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून ऑइल कूलर आणा.

हे निदान उलटं आहे. पेठेतल्या पेठेत फिरणाऱ्या बहुतेक मोटरसायकलींचं ऑइल पुरेसं तापतच नाही, म्हणून खराब होतं. कट्ट्यावरची तिन्ही औषधं नसलेल्या रोगावरची आहेत आणि त्यांतली दोन असलेला रोग वाढवतात.

अर्थात ही समजूत कुणी हवेतून काढलेली नाही. तिच्यामागे अनुभव आहे. फक्त तो वेगळ्या यंत्राचा आहे. १९७२मध्ये आकुर्डीच्या कारखान्यातून बजाज चेतक बाहेर पडली. त्याच सुमारास फिरोदियांच्या कायनेटिकची लुना आली, १९८५मध्ये यामाहाची आरएक्स १००. पुण्याच्या दोन पिढ्या दुचाकी शिकल्या त्या या टू-स्ट्रोक गाड्यांवर. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलच्या जोडीने आत जातं, जाता जाता पिस्टनला आणि बेअरिंगला वंगण देतं आणि निळा धूर होऊन सायलेन्सरवाटे निघून जातं. इंजिनाच्या तळाशी साठून पुन्हा पुन्हा फिरणारं ऑइल तिथे नसतंच. दोघांना घेऊन खंडाळ्याचा किंवा कात्रजचा घाट चढताना पिस्टन तापून फुगायचा, सिलिंडरला धरायचा आणि गाडी जागेवर ‘सीझ’ व्हायची. घाटात स्कूटर कडेला घेऊन तिला दम खाऊ द्यायची रीत यातूनच पडली. त्या यंत्रासाठी ती रीत अगदी बरोबर होती.

मग फोर-स्ट्रोक आल्या. १९८५मध्ये हिरो होंडाची सीडी १००, १९९४मध्ये स्प्लेंडर, २००१मध्ये बजाजची पल्सर. या गाड्यांत ऑइल तळाशी साठतं, पंप ते वर सिलिंडरच्या हेडपर्यंत पोचवतो आणि ते झिरपत खाली परत येतं. शिवाय मोटरसायकलमध्ये बहुधा तेच ऑइल गिअरबॉक्सला आणि क्लचलाही भिजवतं. ऑइलचं तापमान किती असावं, हा प्रश्नच मुळी या रचनेत पहिल्यांदा उभा राहतो. गाडी बदलली, कट्ट्यावरचं शहाणपण मात्र तेच राहिलं. चेतकच्या पिस्टनबद्दलची भीती स्प्लेंडरच्या ऑइलला चिकटली.

आता हिशेब पाहू. शंभर सीसीचं इंजिन जागेवर फिरताना तासाला दोनशे मिलिलिटर पेट्रोल पितं असं धरलं, तर एका लिटरमागे सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा या दराने सिग्नलला उभ्या गाडीत पावणेदोन किलोवॉटच्या आसपास उष्णता तयार होते. हेच इंजिन चढावर पूर्ण ताकदीने, म्हणजे साधारण आठ अश्वशक्तीने चालू लागलं आणि इंधनातली जेमतेम पाव ऊर्जा कामी येते असं मानलं, तर आत जळणाऱ्या पेट्रोलची ऊर्जा वीस किलोवॉटच्या पुढे जाते. दोन्हींत दसपटीहून जास्त फरक आहे. गाडी ताटकळते तेव्हा चालवणारा घामाघूम होतो, पायाला झळ लागते, म्हणून इंजिनही भाजून निघत असेल असं वाटतं. वस्तुतः त्या वेळी इंजिन सगळ्यात कमी उष्णता तयार करत असतं.

यावर ठरलेला आक्षेप येतो: उभ्या गाडीला वारा लागत नाही. आक्षेप खरा आहे. एअर-कूल्ड इंजिनाच्या फिन्सना वारा लागला नाही की उष्णता बाहेर पडायचा वेग घटतो आणि हेडचं तापमान चढतं. पण हेड म्हणजे ऑइल नव्हे. हेड चटकन तापतं, ऑइल मागाहून रमतगमत तापतं. तळाशी साठलेलं ऑइल, भोवतालचं ॲल्युमिनिअमचं जड केसिंग, गिअर, क्लच एवढा सगळा ऐवज तापवायचा असतो. त्यासाठी दहा-पंधरा मिनिटं सलग आणि बऱ्यापैकी भाराखाली चालणं लागतं. पेठेतला फेरा तेवढा नसतोच. सप्टेंबर २०२४मध्ये सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली, पेठेच्या पोटात स्टेशन आलं. तरी फडके हौदापासून मंडई, अप्पा बळवंत चौक किंवा कुंभारवेशीपर्यंतची एक-दीड किलोमीटरची कामं दुचाकीवरच होतात. किक मारली, चार मिनिटांत पोचलं, अर्धा तास गाडी उभी, पुन्हा चार मिनिटांत घरी. अशा फेऱ्यात ऑइल कोमट होतं आणि पुन्हा निवतं.

खरा बिघाड इथे सुरू होतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधल्या हायड्रोजनची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडली की दुसरं काही होऊच शकत नाही. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडा वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली ऑइलच्या खोलीत उतरतो. केसिंग गरम असेल तर ती वाफ ब्रीदरच्या नळीवाटे बाहेर पडते. केसिंग गार असेल तर ती भिंतींवर निवते, पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ऑइलचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला कधी कधी पिवळट-दुधाळ चिकट थर दिसतो. तो या पाण्याचा आणि ऑइलचा लगदा असतो.

पाण्याच्या सोबतीला पेट्रोलही येतं. इंजिन गार असताना मिश्रणात पेट्रोल जास्त सोडावं लागतं. पूर्वी हे चोक करायचा, १ एप्रिल २०२० पासून बहुतेक बीएस-६ गाड्यांत इंजेक्शनचा संगणक करतो. गार भिंतींवर न जळलेलं पेट्रोल ओघळून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. ज्वलनातून आलेली आम्लं पाण्यात विरघळतात, ऑइलमधली त्यांना मारणारी द्रव्यं संपत जातात. ऑइल ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत पोचून काही वेळ तिथे टिकलं, तर पाणी आणि पेट्रोल दोन्ही उडून जातात. पेठेतल्या गाडीला ती संधीच मिळत नाही. कट्ट्यावर दाखवलेलं ‘पातळ झालेलं ऑइल’ खरंच पातळ असतं. उष्णतेने पातळ झालेलं ऑइल निवल्यावर पुन्हा घट्ट होतं. निवलेल्या गाडीतून काढलेलं ऑइल पातळ लागत असेल, तर पहिला संशय पेट्रोलवर जायला हवा.

आता औषधांकडे. पहिलं, तापमापक झाकण.

ऑइलचं तापमान मोजण्याला कुणाचा विरोध असण्याचं कारण नाही. प्रश्न आहे तो कुठलं तापमान मोजलं याचा. एकाच क्षणी, एकाच इंजिनात हेडवरून परतणारं ऑइल, तळाशी साठलेलं ऑइल आणि पंपातून निघून बेअरिंगकडे चाललेलं ऑइल यांच्या तापमानांत मोठी तफावत असू शकते. भरणीच्या झाकणातला काटा यांतलं कुठलं दाखवतो? त्याची दांडी ऑइलमध्ये बुडाली असेल तर तळाचं. बुडाली नसेल तर क्लचने उडवलेल्या शिंतोड्यांचं आणि भोवतालच्या हवेचं. हार्ले-डेव्हिडसनसाठी असे तापमापक फार वर्षांपासून मिळतात, पण ते त्या त्या मॉडेलच्या टाकीची खोली मोजून केलेले असतात. कुठल्याही गाडीला ‘बसतंय ना’ म्हणून फिरवलेल्या झाकणाचा आकडा शोभेपुरताच.

दुरून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक तर याहून फसवी. ती पृष्ठभागाने सोडलेलं प्रारण मोजते आणि पृष्ठभाग काळा, खडबडीत आहे असं गृहीत धरते. चकचकीत ॲल्युमिनिअम त्याच्या दहाव्या हिश्शाएवढंच प्रारण सोडतं. परिणामी पॉलिश केलेल्या केसिंगवर बंदूक धरली की आकडा प्रत्यक्षाहून कितीतरी खाली येतो, तिथेच काळ्या रंगाच्या ब्लॉकवर तो बराचसा बरोबर असतो. एकाच गाडीवर दोन ठिकाणी दोन आकडे, आणि त्यावर चौकात तासभर वाद.

तांबट आळीतला कारागीर तांब्याचा पत्रा भट्टीत तापवतो तेव्हा नुसता रंग पाहून तो मऊ झाला की नाही हे ओळखतो. त्याला तापमापक लागत नाही, कारण डोळ्याला दिसणारा रंग ज्या धातूला ठोकायचं त्याच धातूचा असतो. इंजिनावर पाण्याचे थेंब शिंपडून ‘चर्र’ आवाज ऐकणारा मात्र फिन्सची परीक्षा घेतो आणि निकाल ऑइलचा लावतो. हेडच्या फिन्स शंभराच्या वर असणं हे एअर-कूल्ड इंजिनाचं रोजचं जगणं आहे. त्या आवाजातून तळातल्या ऑइलबद्दल काहीही कळत नाही.

दुसरं औषध, जाड ऑइल. डब्यावरच्या १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० यांतला दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट आहे ते सांगतो. त्या तापमानाला १०डब्ल्यू-३० साधारण दहा-अकरा सेंटिस्टोक भरतं, २०डब्ल्यू-५० अठराच्या आसपास. एवढ्यावरून ‘पन्नास म्हणजे जास्त संरक्षण’ असा निष्कर्ष निघतो. पण पेठेतल्या गाडीचं ऑइल शंभराला पोचतच नाही. ४० अंशांना तेच ‘पातळ’ १०डब्ल्यू-३० पासष्ट-सत्तर सेंटिस्टोक असतं. म्हणजे मंडईपर्यंतच्या फेऱ्यात ते घाटातल्या २०डब्ल्यू-५०च्या तिप्पट-चौपट जाड असतं. तिथे २०डब्ल्यू-५० भरलं तर आकडा दीडशेच्या पुढे जातो. पंपाला ते ढकलायला जोर लागतो, सकाळी पहिल्या किकनंतर हेडपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो, गिअर जड पडतात, ॲव्हरेज घटतं. झीज वाचवायला भरलेलं ऑइल झीज होण्याच्या ऐन क्षणी पोचायला उशीर करतं.

उष्णतेचा विचार ग्रेड ठरवणाऱ्यांनी केलेलाच नाही, असाही एक सूर असतो. तो खरा नाही. ३०चा शिक्का मिळवायचा तर १५० अंशांना, जोरदार घुसळण चालू असताना, किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद एवढी घट्टता टिकवून दाखवावी लागते. मोटरसायकलच्या ऑइलला त्यावर जपानच्या जासो मानकाची एमए किंवा एमबी ही वेगळी चाचणी आहे, ती ऑइलात बुडालेल्या क्लचचा विचार करून १९९८मध्ये आली. जाड हवं म्हणून गाडीत मोटारीचं किंवा डिझेलचं ऑइल ओतणारा उष्णतेपासून काही वाचवत नाही. क्लच घसरण्याचा धोका तेवढा पत्करतो. ज्या गाडीला कंपनीनेच २०डब्ल्यू-५० किंवा रॉयल एन्फिल्डच्या नव्या ३५०सारखं १५डब्ल्यू-५० सांगितलं आहे, तिथे तेच भरावं. आक्षेप आहे तो मॅन्युअलवर कुरघोडी करण्यावर.

तिसरं औषध, ऑइल कूलर. ऑइलने इंजिन गार ठेवणं ही कल्पना उत्तम आहे आणि सिद्ध झालेली आहे. सुझुकीने १९८५च्या जीएसएक्स-आर ७५०मध्ये पिस्टनच्या खालच्या बाजूवर ऑइलचे फवारे मारून पाण्याच्या रेडिएटरचं वजन वाचवलं. आपल्याकडे पल्सर २२०, हिमालयन ४११, २०२१मध्ये आलेली पल्सर एन२५० या गाड्या कूलर घेऊनच कारखान्यातून निघाल्या. त्यांचा पंप, ऑइलची क्षमता, नळ्यांचे मार्ग त्या बेताने आखलेले असतात. बाजारातला कूलर शंभर-दीडशे सीसीच्या गाडीला जोडला की ना थर्मोस्टॅट ना हिशेब. ऑइल सुरू झाल्या क्षणापासून गार होत राहतं, नळ्यांत दाब घटतो, गळतीच्या दोन-चार जागा वाढतात. जे ऑइल मुळात ऐंशीला पोचायला धडपडत होतं, ते आता साठीतच अडकतं.

मग ऑइल कधीच जास्त तापत नाही का? तापतं, आणि तेव्हा ते गंभीर असतं. त्याच्या जागा मात्र वेगळ्या आहेत. मे महिन्यात सामान आणि मागे माणूस घेऊन खंबाटकी घाट चढणारी, ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडणारी एअर-कूल्ड साडेतीनशे. सिंहगडाच्या शेवटच्या वळणांवर दोन भारदस्त माणसं ओढणारी शंभर सीसी. द्रुतगतीच्या मोहात तासभर पूर्ण ॲक्सिलरेटरवर पळवलेली दीडशे. इथे भार प्रचंड असतो आणि पहिल्या दोन उदाहरणांत वाराही कमी. ऑइल ११० अंशांच्या आत असेल तर काळजीचं कारण नाही. १२०-१३०च्या पुढे साधं मिनरल ऑइल झपाट्याने म्हातारं होतं. दर दहा अंशांमागे ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनातला ढोबळ नियम इथे लागू पडतो. सिंथेटिक ऑइल आणखी वीसएक अंश सोसतं.

पेठेतलाही एक अपवाद मान्य करायला हवा. गणेशोत्सवाच्या संध्याकाळी ढोल-ताशांच्या पथकामागे अर्धा तास इंजिन चालू ठेवून तसूतसूने सरकणारी मोठी एअर-कूल्ड गाडी खरोखर तापते. तिला कूलर नको, जाड ऑइलही नको. इंजिनचं बटण बंद करणं फुकटात होतं.

घाटासाठीही उपाय साधेच आहेत. वरच्या गिअरमध्ये इंजिन धापा टाकत ओढण्यापेक्षा एक गिअर खाली घ्यावा, म्हणजे पंप जास्त फिरतो आणि पिस्टनवरचा ताण घटतो. निघण्यापूर्वी ऑइलची पातळी पाहावी. हा सल्ला इतका जुना आहे की कुणी ऐकत नाही. पण स्प्लेंडरसारख्या गाडीत ऑइल मुळात एक लिटरच्या आत असतं. त्यातलं दोनशे मिलिलिटर कमी झालं तर उरलेल्याला तेवढीच उष्णता वाहायची असते आणि तेच ऑइल जास्त वेळा फेऱ्या मारतं. तापमापकावर हजारो रुपये घालणाऱ्या कितीतरी गाड्यांची डिपस्टिक महिनोन्‌महिने कुणी पुसून पाहिलेली नसते.

एवढं वाचून कुणी म्हणेल, की मग मोजायचंच नाही, आजोबांच्या काळी मीटर कुठे होते? ही दुसरी टोकाची समजूतही तितकीच पोकळ आहे. मोजायला हवंच, योग्य जागी आणि दोन्ही बाजूंनी: फार गरम आहे का, आणि अजून गार आहे का.

गंमत अशी, की मोजमाप आधीच चालू आहे. बीएस-६ आल्यापासून स्प्लेंडरसारख्या साध्या एअर-कूल्ड गाडीतही इंजिन ऑइलच्या तापमानाचा सेन्सर बसलेला असतो. तापमान वाढलं की विद्युतरोध घटणारा छोटा थर्मिस्टर. त्याचा आकडा पाहून संगणक ठरवतो की इंजिन गार आहे, पेट्रोल थोडं जास्त सोडू. गाडीला ऑइलचं तापमान कारखान्याने नेमून दिलेल्या जागी क्षणोक्षणी ठाऊक असतं. सर्व्हिस सेंटरमधला स्कॅनर जोडला की मेकॅनिकलाही दिसतं. चालवणाऱ्याला तेवढं दाखवलं जात नाही. त्याच्यासमोरच्या मीटरवर हल्ली फोनचे मेसेज येतात, ॲव्हरेज येतं, पुढचं वळण येतं. ऑइल गार की गरम, हे येत नाही. बीएमडब्ल्यूच्या आर ११५० जीएसवर वीसेक वर्षांपूर्वी ऑइलचं तापमान पट्ट्यांनी दिसत असे. आता तर सेन्सर लावून झालेला आहे. खर्च उरला तो चार ओळींच्या सॉफ्टवेअरचा.

कट्ट्यावरचा राग झाकण विकणाऱ्यांवर किंवा पेठेच्या गल्ल्यांवर काढण्यापेक्षा ही मागणी गाडी बनवणाऱ्यांकडे जायला हवी. त्यातल्या एका मोठ्या कंपनीचं घर आकुर्डीत आहे, वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था १९६६पासून पुण्यातच आहे. मागणी मोठी नाही. अनेक मोटारींत इंजिन गार असेपर्यंत निळा दिवा जळतो आणि फार तापलं की लाल. मोटरसायकलला तसाच एक निळा आणि एक लाल दिवा, आणि त्यांना हुकूम द्यायचा तो ऑइलच्या सेन्सरने. पेठेतल्या गाडीवर निळा दिवा मंडई येईपर्यंत विझणारच नाही आणि वाद तिथल्या तिथे मिटेल.

तो दिवा येईपर्यंत मॅन्युअलमधला एक रकाना वाचायला हरकत नाही. ऑइल बदलण्याच्या तक्त्यात किलोमीटरच्या शेजारी महिनेही छापलेले असतात आणि ‘जे आधी होईल ते’ असंही लिहिलेलं असतं. वर्षात जेमतेम हजार-दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्या कसब्यातल्या गाडीचा मालक किलोमीटर पाहून ऑइल नवंच आहे असं म्हणतो. त्याने महिने मोजून ऑइल बदलावं, ग्रेड मॅन्युअलमधलीच ठेवावी आणि आठवड्यातून एकदा गाडी कात्रजपर्यंत किंवा खडकवासल्यापर्यंत सलग वीस-पंचवीस मिनिटं चालवून आणावी. कूलरच्या किमतीत दोन-तीन वर्षांचं ऑइल सहज येतं.